सहा आकडे कुठून आणायचे?

दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्यावर १७, १६, १४, १३, ११, १० असे आकडे आहेत. दुसऱ्यावर १४, १३, १२, १०, ९, ८. दोन्ही खेळाडूंनी एकाच टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तेच चार फासे टाकून हे आकडे मिळवलेत. कुणी लबाडी केलेली नाही, कुणाचं काही चुकलेलं नाही. आता पुढचं वर्षभर, दर रविवारी तीन-चार तास, हे दोघं याच आकड्यांवर उभी राहिलेली पात्रं घेऊन शेजारी बसणार आहेत. एकाची बेरीज ८१, दुसऱ्याची ६६. हा १५ गुणांचा फरक वाटतो तितका दुर्मीळ नाही. चार फासे टाकायचे आणि सगळ्यात लहान आकडा सोडून द्यायचा, या पद्धतीने चार खेळाडूंनी पात्रं केली, तर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या बेरजेत सरासरीच सुमारे १४ गुणांची तफावत पडते. नव्या टेबलावर असे दोन कागद निघतील असंच धरून चालावं.

हे आकडे कसले, ते आधी सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट रचतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं, आणि एक जण डंजन मास्टर होऊन बाकीचं सगळं जग चालवतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या कुळाचा मूळपुरुष. त्यात प्रत्येक पात्राची सहा मापं घेतात: स्ट्रेंथ म्हणजे अंगातली ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विज्डम म्हणजे शहाणपण आणि करिस्मा म्हणजे समोरच्यावर पडणारी छाप. फाशांवर ही मापं ३ ते १८ या पट्ट्यात येतात. पुण्या-मुंबईतल्या बोर्डगेम कॅफेंमध्येही आता हे खेळ खेळले जातात, आणि पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो हाच: स्टॅट्स रोल करायचे की पॉइंट बाय? म्हणजे ही मापं फाशांवर सोडायची की ठरावीक गुणांतून विकत घ्यायची? बरीच टेबलं तो दोन मिनिटांत उरकतात. माझ्या मते त्याला चांगला अर्धा तास द्यावा. हे सहा आकडे कुठून आले यावर पुढे कोणत्या जातीची गोष्ट घडणार हे पुष्कळसं ठरतं, आणि पात्रं एकदा उभी राहिल्यावर हा निर्णय फिरवणं फार जड जातं.

सुरुवात झाली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर पडला. एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका. नियम एवढाच, की प्रत्येक मापासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, आणि तेही खेळाडूने नव्हे, तर खेळ चालवणाऱ्याने. पहिली बेरीज ताकदीची, दुसरी बुद्धीची, असं ओळीने. जे येईल ते तुमचं. आज हे कठोर वाटतं, पण त्या पुस्तिकांत या आकड्यांवर फारसं काही अवलंबून नव्हतं. योद्ध्याची ताकद १८ असली तरी त्याची तलवार जास्त जोरात लागत नसे. त्याला अनुभवाचे गुण १० टक्के जास्त मिळत, इतकंच. डेक्स्टेरिटी १२च्या वर असेल तर बाण सोडताना १ची भर. करिस्म्यावर किती भाडोत्री साथीदार पदरी बाळगता येतील हे ठरे. शिवाय पहिल्या पातळीवरचं पात्र एका-दोन घावांत मरून जाई आणि खेळाडू पाच मिनिटांत नवं करून घेई. कमनशिबी पात्राचं ओझं फार काळ वाहावं लागत नसे. तीन फासे ओळीने टाकण्याची पद्धत त्या खेळाला चपखल बसत होती, कारण आकडे हलके होते आणि आयुष्य छोटं होतं.

मग आकडे जड होत गेले. १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीने ताकदीला घावाशी जोडलं. १९७८ साली आलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सने स्पष्टच लिहिलं की पात्राला तगून राहायचं तर निदान दोन मापं १५ किंवा त्याहून वर असायला हवीत. हिशेब करून पाहिला की या वाक्याचं वजन कळतं. तीन फाशांच्या पद्धतीत सहापैकी निदान दोन मापं १५ किंवा त्याहून वर जाण्याची शक्यता आहे १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहातली नऊ पात्रं ग्रंथकर्त्याच्या मते जगण्याच्याच लायकीची नव्हती. साहजिकच १९७९च्या डंजन मास्टर गाइडमध्ये त्याने तीन फासे एकदाच ओळीने टाकण्याची पद्धत बाजूला ठेवली आणि चार नव्या पद्धती दिल्या. त्यातली पहिली पुढे जगभर गेली: चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडा, उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्या, असं सहा वेळा करा आणि आकडे हव्या त्या मापांना वाटा. या पद्धतीत निदान दोन मापं १५ किंवा त्याहून वर जाण्याची शक्यता एकदम ४२ टक्क्यांवर जाते. एक फासा वाढवल्याने केवढा फरक पडतो ते यावरून दिसेल.

फाशांची ही गणितं कळली की निवड सोपी होते, म्हणून थोडं थांबतो. सापशिडीत आपण एकच फासा टाकतो. तिथे १ येण्याची आणि ६ येण्याची शक्यता सारखी असते. तीन फाशांची बेरीज तशी वागत नाही. तीन फाशांचे एकूण २१६ प्रकार होतात. त्यांतल्या फक्त एकाने १८ मिळतात, तिन्हींवर सहा आले तरच. तसेच ३ही एकाच प्रकाराने. पण १० मिळवण्याचे २७ रस्ते आहेत, ११चेही २७. त्यामुळे जवळपास निम्मे आकडे ९ ते १२ या चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतात आणि सरासरी १०.५ पडते. चौथा फासा आला की प्रकार होतात १२९६, सरासरी सरकते १२.२४वर, आणि १८ येण्याची शक्यता दोनशेत एकाहून कमी होती ती साठात एकाच्या जवळ येते. मात्र तळ काही नाहीसा होत नाही. चार फाशांनीसुद्धा सहा मापांत निदान एक ७ किंवा त्याहून खालचं निघण्याची शक्यता जवळपास ३० टक्के आहे. चार जणांच्या टेबलावर कुणा ना कुणाला १८ मिळण्याची शक्यता तीनात एक अशी.

ओळीने तीन फासे टाकण्याच्या पद्धतीबद्दल मला मनापासून आस्था आहे, आणि ती का, हे एका उदाहरणाने दाखवतो. जुन्या क्रमाने घेऊ: स्ट्रेंथ ९, इंटेलिजन्स १३, विज्डम १५, डेक्स्टेरिटी ८, कॉन्स्टिट्यूशन १२, करिस्मा ६. बेरीज ६३. तीन फाशांची तंतोतंत सरासरी हीच, त्यामुळे हे पात्र नशीबवानही नाही आणि दुर्दैवीही नाही. हे मी कधीच ठरवून केलं नसतं. शहाणपण १५ म्हणजे हा धर्मगुरू होणार, त्यात वाद नाही. पण छाप ६! गावात कुणाचं काय दुखतंय हे याला इतरांच्या आधी कळतं, आणि तोंड उघडल्यावर पहिल्याच वाक्यात तो समोरच्याला दुखावतो. बुद्धी बरी आहे, तेव्हा त्याला स्वतःचा हा दोष कळत असणार. कळूनही सुधारता येत नाही. काटक आहे, म्हणजे एकट्याने लांबलांब चालत हिंडणं त्याला झेपतं, आणि तसं हिंडायची वेळ त्याच्यावर का आली असेल हेही आता दिसायला लागतं. सहा आकड्यांतून एक माणूस उभा राहिला, आणि तो माझ्या आवडीनिवडीतून आलेला नाही. स्वतः निवडायला बसलो की आपण पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन पात्रांकडे वळतो. फासे आपल्याला त्या सवयीबाहेर ओढतात.

दुसऱ्या आवृत्तीत, १९८९ साली, तीन फासे ओळीने हीच पद्धत पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. त्या आवृत्तीत पॅलॅडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, व्हायचं तर स्ट्रेंथ १२, कॉन्स्टिट्यूशन ९, विज्डम १३ आणि करिस्मा १७ लागे. या चारही अटी ओळीने टाकलेल्या फाशांतून पुऱ्या होण्याची शक्यता येते साधारण ७५० पात्रांत एक. म्हणजे काही टेबलांना वर्षानुवर्षं पॅलॅडिन दिसत नसे, आणि आलाच तर त्या खेळाडूभोवती सगळे गोळा होत. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने या अटी काढून टाकल्या. ज्याला हवं त्याने पॅलॅडिन व्हावं. मला हा बदल योग्यच वाटतो. ज्या मुलीला चार वर्षं तेच पात्र खेळायचं आहे तिला फाशांनी दारातूनच परत पाठवणं बरं नाही. पण दुर्मीळपणातून येणारी एक खरी किंमत त्याबरोबर गेली, हेही खरं.

फाशांना कंटाळलेल्यांची दुसरी वाट जवळपास तेवढीच जुनी आहे. १९७७ साली स्टीव्ह जॅक्सनने मेली नावाचा छोटा द्वंद्वाचा खेळ काढला. त्यात दोनच मापं होती, ताकद आणि चपळाई. दोन्ही ८पासून सुरू, आणि आणखी ८ गुण खेळाडूने आपल्या मर्जीने वाटायचे. प्रत्येक पात्राची बेरीज २४. ताकद वाढवली तर जड परशू पेलतो पण नेम चुकतो. चपळाई वाढवली तर नेम लागतो पण हातात हलकंच शस्त्र राहतं. एवढ्याशा नियमात खरी निवड करावी लागते. १९८१च्या चॅम्पियन्सने अख्खं पात्रच गुणांनी विकत घ्यायची सोय केली, आणि वर स्वतःहून एखादा दोष किंवा शत्रू पत्करला तर जादा गुण देऊ केले. १९८६ साली जॅक्सननेच गर्प्समध्ये हीच कल्पना कोणत्याही काळाच्या आणि जगाच्या गोष्टीला लागू केली.

आजच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पॉइंट बाय म्हणतात ते याच घराण्यातलं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सगळी मापं ८पासून सुरू होतात आणि हातात २७ गुण असतात. १३पर्यंत प्रत्येक पायरीला १ गुण, १४ आणि १५ या पायऱ्यांना प्रत्येकी २. म्हणजे १३ला ५, १४ला ७, १५ला ९. १५च्या वर विकत मिळत नाही, ८च्या खाली उतरता येत नाही. या चढत्या दराने एक गोष्ट साधते: टोकाला जायचं तर इतरत्र जास्त सोडावं लागतं. तीन मापं १५ घेतली तर २७ गुण तिथेच संपतात आणि बाकीची तिन्ही ८वर राहतात, बेरीज ६९. तेच २७ गुण १३, १३, १३, १२, १२, १२ असे पसरले तर बेरीज ७५ होते. सपाट पात्राला बेरजेत ६ गुण जास्त मिळतात, पण असं पात्र मी टेबलावर क्वचितच पाहिलंय. कारण उघड आहे. खेळात जादूगाराला बुद्धीचं काम दर फेरीला पडतं आणि ताकदीचं महिन्यातून एकदा. मग प्रत्येक जादूगार १५ बुद्धीत घालतो, ताकद ८वर ठेवतो, आणि दहा जादूगार शेजारी उभे केले तर कागदावरून ओळखू येत नाहीत. नको असलेलं माप असं तळाला टाकून देण्याला खेळाडू डंप स्टॅट म्हणतात. पॉइंट बायने अन्याय संपवला, हे मान्यच. पण करिस्मा ६ असलेला तो धर्मगुरू या पद्धतीतून कधीच जन्माला येणार नाही. तो आकडाच तिथे विकायला ठेवलेला नाही.

गुण मोजत बसायचं नसेल तर स्टँडर्ड अ‍ॅरे घ्यावा: १५, १४, १३, १२, १०, ८. सगळ्यांना तेच सहा आकडे, फक्त कुठे लावायचे ते आपापलं. पॉइंट बायच्या दराने याची किंमत बरोबर २७ भरते. आणि चार फाशांच्या पद्धतीत असंख्य पात्रं केली आणि प्रत्येकाचे आकडे उतरत्या क्रमाने लावून सरासरी काढली, तर साधारण १५.७, १४.२, १३, ११.८, १०.४, ८.५ अशी येते. म्हणजे हा अ‍ॅरे फाशांची सरासरीच आहे, किंचित खाली उतरवलेली. पहिल्यांदाच खेळणाऱ्यांना मी हाच देतो. नवख्याला पहिल्या संध्याकाळी हिशेबात गुंतवलं तर गोष्ट सुरू व्हायच्या आतच तो दमतो. अनोळखी लोक येऊन-जाऊन खेळतात अशा अ‍ॅडव्हेंचरर्स लीगसारख्या संघटित खेळातही फाशांना मनाईच आहे. ते बरोबर आहे. काल घरी एकट्याने फासे टाकले आणि तीन मापं १८ आली, असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा पेच परक्या माणसांमध्ये उभाच राहू नये.

आता त्या पहिल्या दोन कागदांकडे. पाचव्या आवृत्तीत प्रत्यक्ष खेळताना अख्खा आकडा वापरत नाहीत, त्यातून निघणारी भर वापरतात. १०-११ला शून्य, त्यावर प्रत्येक दोन गुणांना १ची भर, खाली तशीच वजाबाकी. पहिल्या पात्राच्या भरी होतात ३, ३, २, १, ०, ०. दुसऱ्याच्या २, १, १, ०, उणे १, उणे १. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात ही भर मिळवतात, त्यामुळे १ची भर म्हणजे यशाच्या शक्यतेत ५ टक्के. दोघांच्या सगळ्यात मोठ्या भरीत फरक फक्त १चा. म्हणजे आपापल्या मुख्य कामात, तलवार चालवण्यात किंवा मंत्र टाकण्यात, ते जवळपास बरोबरीचे आहेत. वीस वार झाले तर त्यातला एक इकडचा तिकडे. फाशांची बाजू घेणारे एवढ्यावर थांबतात आणि म्हणतात, बघा, काही बिघडत नाही.

त्यांची नजर पहिल्या आकड्यावर असते आणि दुखणं बाकीच्या पाचांत असतं. दाराला कान लावून ऐकायचं आहे, भिंत चढायची आहे, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं आहे, विष पचवायचं आहे. अशा प्रत्येक वेळी पहिला खेळाडू म्हणतो, मी करतो, कारण त्याच्या कागदावर कुठेच खड्डा नाही. दुसरा हळूहळू हात वर करायचा थांबतो. सहाव्या-सातव्या बैठकीपर्यंत तो फक्त लढाईत जागा होतो. हे कुणी मुद्दाम करत नाही आणि कुणाला बोलूनही दाखवता येत नाही, म्हणून ते सुधारतही नाही. चांगला डंजन मास्टर अशा पात्राला खास वाव काढून देतो, पण वर्षभर तो भार एकट्याने उचलणं ही त्याच्यावर टाकलेली जादा मेहनत आहे, आणि त्या खेळाडूलाही आपल्यासाठी जागा करून दिली जातेय हे जाणवतं. लांब चालणाऱ्या गोष्टीत प्रत्येकाने वेगवेगळे फासे टाकून वेगवेगळे आकडे घेण्याच्या मी विरोधात आहे तो यामुळे.

फासे आणि गुण या दोनच वाटा आहेत असं मात्र समजू नये. १९७७च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात सहा मापं दोन-दोन फाशांनी ओळीने येतात, पण ती फक्त सुरुवात असते. पुढे १८ वर्षांच्या त्या माणसाला नौदलात, सैन्यात, व्यापारी जहाजावर अशी चार-चार वर्षांची नोकरी करायला पाठवायचं. प्रत्येक खेपेला नवं कौशल्य मिळतं, आणि प्रत्येक खेपेला तगण्याचा फासाही टाकावा लागतो. तो चुकला तर मूळ नियमाप्रमाणे पात्र मेलं. खेळ सुरू व्हायच्या आधीच! आणखी एक नोकरी घ्यावी की आता निवृत्त व्हावं, हा निर्णय तिथे छातीतली धडधड वाढवतो, आणि टेबलावर येणारं पात्र चाळिशीचं, जखमा आणि आठवणी घेऊनच येतं. आकडे काढण्याच्या क्रियेलाच गोष्ट बनवणारा याहून सुंदर नियम मला माहीत नाही.

१९९१च्या अँबरमध्ये फासेच नाहीत. एरिक वुजिकने रॉजर झेलाझ्नीच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या या खेळात एकाच राजघराण्यातली भांडकुदळ भावंडं असतात, आणि त्यांच्या चार क्षमतांचा खेळाडूंमध्ये उघड लिलाव होतो. प्रत्येकाकडे १०० गुण. सगळ्यात जास्त बोली लावेल तो त्या क्षमतेत पहिला, आणि हरलेल्याने बोली लावलेले गुणही परत मिळत नाहीत. लिलाव संपेपर्यंत कुणाला कशाची हाव आहे आणि कोण कुणावर डाव धरून आहे हे टेबलाला कळून चुकतं. भावंडांमधलं वैर लिहून आणावं लागत नाही. वॉरहॅमर फँटसी रोलप्लेच्या २०१८च्या चौथ्या आवृत्तीने आणखी वेगळा तोडगा काढला: फासे आले तसे ठेवले तर अनुभवाचे ५० गुण, आकडे आपापसात हलवले तर २५, सगळं नव्याने टाकलं किंवा स्वतः वाटलं तर शून्य. नशिबाला सामोरं जाण्याचं मोल नियमातच बांधलं आहे. आणि डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये तीन फासे ओळीने टाकून प्रत्येक खेळाडूला तीन-चार सामान्य गावकरी करायला लावतात, सगळ्यांना एकाच भयंकर भुयारात पाठवतात, आणि जिवंत परत येईल तो नायक. कमकुवत आकडे इथे अडचण ठरत नाहीत, कारण कमकुवत गावकरी वाचला तर टेबलाला त्याचाच जास्त अभिमान वाटतो.

एक रोग मात्र सगळ्या फासेवाल्या पद्धतींना लागतो: पुन्हा टाकू द्या. १९९८च्या बॉल्डर्स गेट या संगणकावरच्या खेळात आकडे नव्याने टाकायचं बटण हवं तितक्या वेळा दाबता येई, आणि लोक तासन् तास ते दाबत बसत. २०२३च्या तिसऱ्या भागात ते बटणच नाही. तिथे २७ गुणांचं पॉइंट बाय आहे. टेबलावर हाच रोग सौम्य रूपात येतो. एकाला दया म्हणून पुन्हा टाकू दिलं, मग दुसऱ्याने मागितलं, आणि शेवटी सगळ्यांकडे १७-१८ जमा होतात. अशा वेळी फाशांचं फक्त नाव उरतं. फासे टाकायचेच असतील तर आधी तळ ठरवा, उदाहरणार्थ, बेरीज ७०च्या खाली गेली तर संच बाद, आणि त्यानंतर पडेल ते घ्या.

मी डंजन मास्टर असतो तेव्हा आधी दोन गोष्टी विचारतो. हे पात्र किती दिवस जगायचंय? आणि या खेळात आकड्यांना किती वजन आहे? एका संध्याकाळची गोष्ट असेल, किंवा १९८१च्या जुन्या नियमांवर बेतलेल्या ओल्ड-स्कूल इसेन्शियल्ससारखा खेळ असेल, तर तीन फासे ओळीने, बिनदिक्कत. मरण जवळ आहे आणि पात्र अनोळखी असण्यातच मजा आहे. नवखे असतील तर स्टँडर्ड अ‍ॅरे. आधीपासून डोक्यात एक ठराविक पात्र घेऊन येणारे असतील, तर त्यांना पॉइंट बाय करू द्यावं; त्यांनी रंगवलेल्या माणसावर फासे लादण्यात अर्थ नाही.

आणि वर्षभर चालणाऱ्या मोठ्या गोष्टीसाठी माझी पसंती एका पद्धतीला आहे, जी अजून फार टेबलांवर दिसत नाही. सगळ्यांनी मिळून एकच संच टाकायचा. चार खेळाडूंनी प्रत्येकी चार फासे टाकून एकेक आकडा काढायचा, पाचवा डंजन मास्टरने, सहावा टेबलावरच्या सगळ्यात नव्या माणसाने. ते सहा आकडे मधोमध लिहायचे आणि सगळ्यांनी तेच वापरायचे, ज्याला जिथे हवेत तिथे. फासे खरे, अनिश्चितता खरी, आणि चांगलं-वाईट जे येईल ते सगळ्यांचं सारखं.

समजा १६, १५, १३, ११, १०, ६ आले. बेरीज ७१, अगदी बेताची, आणि पॉइंट बायमध्ये कधीच न मिळणारा तो ६ आता सगळ्यांच्या वाट्याला आला आहे. जादूगार तो ताकदीत टाकतो. मग त्याची पुस्तकांची पेटी कुणीतरी दुसऱ्याने उचलायला हवी. योद्धी तो करिस्म्यात घालते आणि राजदरबारात तिला मागे उभं करावं लागतं. चोर शहाणपणात टाकतो, म्हणजे फसवणारा पक्का पण स्वतः सहज फसणारा. धर्मगुरू बराच वेळ विचार करतो आणि डेक्स्टेरिटीवर ६ लिहितो: त्याला म्हातारा, थरथरत्या हातांचा माणूस खेळायचा आहे. पेटी कोण उचलणार यावर योद्धी आणि चोर यांची बोलणी तिथेच सुरू होतात, आणि डंजन मास्टरने पहिल्या प्रसंगाचं अजून एक वाक्यही उच्चारलेलं नसतं.